नखाएवढी नजर

खिडकीपाशी बसा. सकाळची घाई ओसरल्यावर, किंवा दिवेलागणीच्या आधी. मोबाईल उपडा ठेवा, चष्मा असेल तर असू द्या. उजवा हात समोर पूर्ण लांब करा, अंगठा वर करा आणि त्याच्या नखाकडे पाहत राहा.

नख स्वच्छ दिसतं. त्यावरच्या बारीक उभ्या रेघाही दिसतात. पन्नाशी उलटली असेल तर त्या जरा ठसठशीत झालेल्या असतात. आता डोळे नखावरून हलू न देता बाकी काय दिसतंय त्याचा अंदाज घ्या. समोरच्या सोसायटीच्या खिडक्या, दोरीवरचे कपडे, खालच्या मेडिकलची हिरवी पाटी. सगळं दिसतंय असंच वाटतं. मग नजर नखावरच ठेवून त्या पाटीवरचं एखादं अक्षर वाचून पाहा. जमत नाही. पाटी आहे हे कळतं, हिरवी आहे हे कळतं, अक्षर काही लागत नाही.

एका वेळी आपल्याला खरोखर धारदार दिसतो तो जगाचा तुकडा एवढाच. बाकीचं सगळं डोळे सेकंदाला दोन-तीन उड्या मारून गोळा करतात आणि मेंदू ते बेमालूम जोडून देतो. जन्मभर हे चाललेलं असतं, पण कधी जाणवत नाही. थोडा वेळ जाणवू द्या. न वाचता आलेल्या त्या पाटीसकट चार-पाच श्वास तसेच बसा.

ज्या जागेवर या क्षणी तुमच्या नखाचं चित्र पडलंय, ती जागा म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा एक खळगा. दृष्टिपटल, दवाखान्यातल्या बोलीत ‘पडदा’, हा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पातळ थर. त्याच्या मधोमध सुमारे दीड मिलिमीटर रुंदीचा हा खळगा आहे. इतरत्र प्रकाशाला चेतापेशींचे थर ओलांडून मग प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत पोचावं लागतं. इथे ते थर बाजूला सरकून काठाशी उभे राहिलेत. तळाशी आहेत त्या नुसत्या शंकुपेशी, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या, दाटीवाटीने बसलेल्या. अगदी मध्यावर तर रक्तवाहिनीसुद्धा नाही.

हा खळगा आपण तयार घेऊन जन्माला येत नाही. तान्ह्या बाळात तो उथळ असतो आणि तळातल्या शंकुपेशी आखूड, जाड आणि विरळ असतात. महिनोन्‌महिने त्या मध्याकडे सरकत राहतात, उंच आणि सडपातळ होतात, एकमेकींना खेटून बसतात. घरातल्या बायका ‘बाळाची नजर ठरली’ म्हणतात तेव्हा ही हालचाल नुकती कुठे सुरू झालेली असते. ती पुरी व्हायला पुढे काही वर्षं जातात. म्हणजे ‘आता वयामुळे डोळा बदलायला लागला’ असं आपण चाळिशीनंतर म्हणतो त्यात फारसा अर्थ नाही. या पडद्याचा आकार पहिल्या दिवसापासून बदलतोच आहे. बदल घडण्याची वर्षं आपल्याला आठवत नाहीत, एवढंच.

डोळ्याच्या आत डोकावण्याचं उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलं. तेव्हापासून डॉक्टर लोक लहान मुलांच्या पडद्यात एक लकाकी पाहत आले आहेत. प्रकाश जरा तिरका केला की ती सरकते, विरते, दुसरीकडे उमटते; धूपछाँव पैठणीचा पदर हलवल्यावर रंग पालटावा तशी. खळग्याच्या मध्यावर एक टिंब चमकत असतं, कारण खळग्याच्या उतारांचा तिथे अंतर्वक्र आरसा होतो. वय वाढतं तशी लकाकी मावळते आणि टिंब मंद होत जातं. चेतातंतूंचा वरचा थर विरळ होतो, त्यावरचं पारदर्शक अस्तर जाड होतं, आरशाची वक्रता सौम्य होते. यात दुखत-खुपत काही नाही, आणि वाचताही पूर्वीसारखंच येतं. बदल झाला तो फक्त बाहेरून पाहणाऱ्याला कळतो.

क्षणभर डोळे मिटा. तुम्ही ज्याने पाहता ते तुम्हाला कधीच दिसलेलं नाही, यावर थोडं थांबा.

आता ते दिसण्याची सोय झाली आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही बऱ्या नेत्रालयात पडद्याची तपासणी सांगितली की बाहुली मोठी करायचे थेंब घालून बाकावर बसवतात. अर्ध्या तासाने हातातल्या फोनवरची अक्षरं विरघळतात, शेजारच्या काकूंचा चेहरा तेवढा ओळखू येतो. मग ओसीटीच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आतल्या खुणेकडे पाहायचं. ‘हलू नका, पापणी लववू नका.’ एक पुसट लाल रेघ खाली सरकते. काही सेकंदांत संपलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९१ साली जगापुढे मांडलं. डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश आत सोडायचा आणि प्रत्येक थरावरून परतणाऱ्या प्रकाशावरून त्या थराची खोली काढायची, असं त्याचं काम चालतं. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली, तर हे यंत्र पाचेक मायक्रॉनचा फरक ओळखतं.

यंत्राच्या स्क्रीनवर आपल्या पडद्याचा उभा छेद येतो. मध्ये तो खळगा, दोन्ही बाजूंना चढत गेलेले काठ.

मला त्या तपासणीतली सर्वात विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती छेद नव्हे, तर त्याआधी विचारलेली जन्मतारीख. यंत्र प्रत्येक भागाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बघावं लागेल. हा निवाडा ते वय कळल्याशिवाय करत नाही. तीस वर्षांच्या माणसात पिवळी ठरली असती ती जाडी सत्तरीत हिरवी ठरते. डोळ्याच्या शिरेभोवती चेतातंतूंचा जो थर असतो, त्याची जाडी सरासरी शंभरेक मायक्रॉन. निरोगी माणसातही तो दर दहा वर्षांना साधारण दोन मायक्रॉनने झिजतो. एकेका डोळ्यातून मेंदूकडे दहा-बारा लाख तंतू जातात आणि त्यातले काही हजार दरवर्षी गळतात. खळग्याचा तळ सहसा फारसा हलत नाही, पण काठावरचे चेतापेशींचे थर बारीक होतात, त्यामुळे उतार सौम्य होतात. ही झीज रोग नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी ती आधीच हिशेबात धरली आहे.

अर्थात तुलनेला घेतलेली माणसं असतात काही शे, देशोदेशीची. आणि प्रत्येकाचा पडदा मुळातच वेगळा. बायकांच्या खळग्याचा मध्यभाग पुरुषांपेक्षा सरासरीने थोडा पातळ असतो. डोळ्याची लांबी निराळी असते. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले होते. तिथे डोळ्याची सरासरी लांबी भरली २२.६ मिलिमीटर. शाळा-क्लास-मोबाईल अशा चक्रात वाढलेल्या, उन्हात कमी खेळलेल्या शहरी मुलांचे डोळे याहून लांब होण्याची शक्यता दाट. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच-तीनचा मायनस नंबर लागतो, आणि तोच पडदा मोठ्या पोकळीवर ताणून बसवावा लागतो. आजीच्या पडद्याची काळजी करणाऱ्या घरात नातवाच्या पडद्याचा ताण कुणाच्या गावी नसतो, हे मात्र मला खटकतं.

आता आतल्या पेशींकडे थोडं लक्ष न्या. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. पडद्याच्या पेशींना हे भाग्य नाही. गर्भात मेंदूच्याच एका फुगवट्यापासून पडदा घडतो, आणि मेंदूच्या बहुतेक पेशींसारख्या याही बदलून मिळत नाहीत. तुम्ही पहिलीत ज्या शंकुपेशींनी ‘ग म भ न’ वाचलंत, त्यांनीच आज हे वाचताहात. पेशी जुनी, पण तिच्या आतला माल मात्र रोज ताजा असतो. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी घ्या. प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांची एकावर एक चळत प्रत्येक दंडपेशीत असते. रोज खालून नव्या चकत्या तयार होतात आणि टोकाच्या जुन्या गळतात, त्याही बहुतेक सकाळी उजाडल्यानंतर. दहाएक दिवसांत सगळी चळत बदललेली असते. गळलेल्या चकत्या गिळायचं काम मागच्या रंजक थराचं. त्या थराच्या पेशीही आयुष्यभर त्याच राहतात. पचवून जे उरतं, त्याचा पिवळट साका त्यांच्यात वर्षानुवर्षं साचत जातो. त्यांच्यामागचा चाळणीसारखा पापुद्रा जाड होतो, रक्तातून येणारी रसद हळू येऊ लागते.

उद्या सकाळी चहा ठेवताना हे आठवून पाहा. दूध वर येईपर्यंत डोळ्यांमागे कोट्यवधी पेशींची झाडलोट चाललेली असते. काही करायचं नाही, फक्त माहीत असू द्यायचं.

ऑक्टोबरच्या कडक उन्हात, पाऊस सरल्यावर, उपनगरांवर कधीतरी खरं निळं आभाळ येतं. तशा दिवशी गच्चीवर जा. सूर्याकडे पाठ करा. सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. निळ्या भागाकडे सैल नजरेने पाहत राहा. थोड्या वेळाने इवलेसे तेजस्वी ठिपके वळणावळणाने धावताना दिसतील. सेकंदभर दिसून नाहीसे होतात, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांचा वेग बदलतो. या तुमच्याच पडद्याच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत. त्यांच्या वाटा नीट पाहा. नजर जिथे नेमकी टेकली आहे, तिथे एकही ठिपका येत नाही. हाच तो खळगा, आणि त्याच्या मध्यावरची रक्तवाहिनी नसलेली जागा. हा प्रयोग असा आहे की ज्यात दृष्टिपटल आपला आकार आपल्यालाच दाखवतं. त्याच आभाळावर संथ तरंगणारे करडे धागेदोरेही दिसतील. ते निराळे, डोळ्यात भरलेली पारदर्शक जेली वयाबरोबर पातळ होते, तिच्या गुठळ्यांच्या त्या सावल्या.

पुढचा भाग अंधाराचा आहे, आणि माझ्या मते वयाची खरी गोष्ट तिथेच घडते.

सवड काढून कान्हेरीला जा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वर गेलात की तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन काळातलं चैत्यगृह आहे. ओसरीतल्या दोन्ही टोकांच्या भव्य बुद्धमूर्ती उन्हात नीट दिसतात. मग आत पाऊल टाका आणि दाराशीच भिंतीला पाठ लावून उभे राहा. दर्शनी भिंतीतल्या गवाक्षातून उजेड येतो, त्यामुळे मिट्ट काळोख नाही. तरी पहिल्यांदा दिसतो तो नुसता करडेपणा. थांबा. मग खांबांच्या रांगा उभ्या राहतात. शेवटी स्तूपाचा गोल आकार सुटा होतो. आणखी थांबलात तर खांबांच्या माथ्यावर कोरलेले हत्ती उमटू लागतात. आधी नुसता फुगवटा, मग सोंड.

पहिल्या काही मिनिटांत शंकुपेशी सावरतात. त्यानंतरचं काम दंडपेशींचं. त्या एका डोळ्यात नऊ ते बारा कोटी, अंधुक उजेडावर जगणाऱ्या. खऱ्या काळोखात त्यांना पुरतं तयार व्हायला अर्ध्या तासाहून अधिक लागतो, कारण उजेडाने विरलेलं रंजक अ जीवनसत्त्वापासून पुन्हा घडवावं लागतं आणि तो कच्चा माल त्या जाड झालेल्या चाळणीतून यायचा असतो. सोबत नात असेल तर ती तुमच्या आधी ओरडेल, ‘आजोबा, हत्ती!’ तिला ओरडू द्या. सत्तरीतल्या निरोगी डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला विशीतल्या डोळ्यापेक्षा दहाएक मिनिटं जास्त लागतात. हत्ती तुम्हालाही दिसणार आहेत.

१९९३ साली क्रिस्टीन कर्सिओ आणि सहकाऱ्यांनी मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांतल्या या पेशी मोजून काढल्या. वय वाढलं तरी मध्यावरच्या शंकुपेशी जवळपास तेवढ्याच राहिल्या होत्या. सभोवतालच्या वर्तुळातल्या दंडपेशी मात्र म्हातारपणापर्यंत सुमारे तीस टक्क्यांनी घटल्या होत्या. म्हणजे झीज खळग्याच्या तळाला हात लावत नाही, त्याच्या भोवतीने फिरते. त्यात बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं, त्यामुळे साठीतल्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण तिसरा हिस्सा उजेड पोचतो.

म्हणूनच दवाखान्यातल्या लखलखीत फळ्यावर शेवटची ओळ खणखणीत वाचणारे गृहस्थ संध्याकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर पायरी चाचपडत उतरतात, आणि मुलगा म्हणतो, ‘बाबा, नंबर तर ठीक आहे ना?’ नंबर ठीकच आहे. फळा मोजतो तो खळगा. पायरीची कड दिसते ती भोवतालच्या वर्तुळाने. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर शिरणाऱ्या मंडळींचं पाहा. तरुण मुलं सरळ रांगेत घुसतात, ज्येष्ठ मंडळी दारात अडखळतात, आणि मागून कुणीतरी ‘चला ना काका’ म्हणत खांद्याला हात लावतं. हा हात लावणारा मीही असू शकतो आणि उद्याचा काकाही. थांबणं हा त्या डोळ्याचा हक्क आहे. जिन्यात मोठा दिवा लावणं आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारणं एवढं सोसायटीच्या सभेत एका ठरावात होतं. गेटच्या कमानीवर खर्च करण्याआधी ते व्हावं.

अंधुक पाहण्याची एक युक्ती जुन्या लोकांना ठाऊक होती. लग्नात अरुंधती दाखवतात. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाला चिकटून असलेली ती फिकट चांदणी. आधी ठळक वसिष्ठ दाखवायचा, मग तिच्याकडे यायचं. थेट तिच्यावर नजर रोखली की फिकट चांदणी हरवू शकते, कारण खळग्याच्या तळात दंडपेशीच नाहीत. किंचित बाजूला पाहिलं की पुन्हा येते. सुश्रुतसंहितेत अरुंधती न दिसणाऱ्याचं आयुष्य सरलं असं सांगितलं आहे. तो हिशेब लावला तर आजच्या घाटकोपरात कुणाचंच खरं नाही, वरात घेऊन निघालेल्या नवरदेवाचंसुद्धा. पण निरीक्षण खोटं नव्हतं: फिकट गोष्टी आधी जातात. शहराबाहेर गेलात तर एप्रिल-मेच्या रात्री उत्तरेकडे पाहा. अरुंधतीवर नजर रोखा, मग एक बोटभर बाजूला न्या. ती कुठे उगवते ते शांतपणे पाहत राहा.

आणि सगळ्यात शेवटी पुन्हा उजेडात या, खिडकीच्या ग्रिलपुढे. आपल्या उपनगरांत ग्रिल नसलेली खिडकी सापडणं मुश्कील, आणि त्याचा इथे उपयोग आहे. वाचायचा चष्मा लावून हातभर अंतरावर बसा. डावा डोळा तळव्याने झाका, दाबू नका. उजव्याने ग्रिलच्या मधल्या एका सांध्याकडे पाहा. सगळ्या सळ्या सरळ दिसतात का? कुठे वाकल्यासारखी, तुटल्यासारखी, मध्येच पुसल्यासारखी दिसते का? मग डोळा बदला. दोन्ही डोळे उघडे असताना बिघडलेल्या डोळ्याचं चांगला डोळा झाकून नेतो, म्हणून एकेक करूनच पाहायचं.

वयाची झीज दोन्ही डोळ्यांत आणि वर्षानुवर्षांच्या गतीने होते. एका डोळ्यात सळी वाकडी दिसणं, अचानक काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, कडेला विजेसारखे चमकारे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, हे वय नव्हे. तिथे ‘आता साठी झाली, चालायचंच’ म्हणून सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर असं काहीही न होतासुद्धा वर्षातून एकदा पडदा दाखवा. आणि घरात कुणी साठीच्या पुढचं असेल, तर आजच त्यांना खिडकीपाशी बसवा आणि एकेक डोळा झाकून ग्रिल पाहायला सांगा.